आईचा साचा टीव्हीवर

डॉमिनिकच्या तळघराचा जिना लोरेटा उतरत होती तेव्हा तिच्या हातात बडीशेप घातलेल्या पिठाचं मोठं भांडं होतं. पायऱ्या अरुंद आणि बुटांना बर्फ, त्यामुळे नजर खाली पायांकडे. खालच्या माणसांचे आधी पायच दिसले. डॉमिनिकच्या लोकरी चपला. व्हिकचे ओले बूट, नेहमीप्रमाणे पायपुसण्याला वळसा घालून आलेले. जीनाचे सुजलेले पाय स्टुलावर, सातवा महिना लागलेला. मग तिने मान वर केली आणि समोर तिची धाकटी बहीण व्हायोला उभी होती, अंगात पांढरा एप्रन, एप्रनवर लाल ठळक अक्षरं: ‘माझ्या हातात काही टिकत नाही.’

लोरेटाच्या हातून भांडं निसटलं नाही एवढंच.

एप्रन जीनाच्या नवऱ्याने, ब्रेटने, छापून आणला होता. पोरगा क्लीव्हलंडचा, मनाने सरळ, चारचौघांना हसवलं की आपण या घरातले झालो असं त्याला वाटायचं. आणि वाक्य काही त्याने रचलं नव्हतं. आठवडाभर टीव्हीवाले दर जाहिरातीनंतर तेच दाखवत होते. जांभळ्या सुटातली लोरेटा, बोट रोखलेलं, आणि ठसक्यात म्हणते आहे, “व्हायोलाच्या हातात गेलेलं काही टिकत नाही. आमची आई म्हणायची!” लगेच प्रेक्षकांचा हशा. सगळ्या यंगस्टाउनला ते पाठ झालं होतं. वाणसामानाच्या दुकानात गल्ल्यावरची पोरगी अंडी पिशवीत घालताना लोरेटाला म्हणाली, बघा हं, माझ्या हातात टिकतायत का. रविवारी मिस्सा संपल्यावर खुद्द फादरांनीही तीच थट्टा केली, आणि ती हसली, कारण फादरांसमोर दुसरं काय करणार?

“छान बसलाय,” व्हायोला एप्रनकडे बघत कुणाला उद्देशून नव्हे असं म्हणाली, आणि सूपचं पातेलं ढवळायला वळली. चार महिन्यांत लोरेटाच्या कानावर पडलेले तिचे ते पहिले दोन शब्द.

तरुण मंडळींना ते वाक्य एका लोखंडी साच्याबद्दलचं वाटत होतं. लोरेटाखेरीज म्हातारी तीनच माणसं उरली होती ज्यांना त्याचा दुसरा अर्थ लागत होता: डॉमिनिक, व्हायोलाचा नवरा व्हिक आणि व्हायोला स्वतः. जीनाच्या आधी व्हायोलाला एक मुलगी झाली होती. रोझालिया. तीन आठवडेही जगली नाही. गेली ती व्हायोलाच्या मांडीवर. त्यानंतर या घरात ते नाव कुणी उच्चारलं नव्हतं, आणि पस्तीस वर्षांनी लोरेटाने अख्ख्या देशासमोर बोट रोखून ते वाक्य फेकलं होतं. बोलताना आपण काय बोलतो आहोत हे तिला कळलं होतं. तेच तिला खात होतं. चुकून जीभ घसरली असती तर एव्हाना तिने स्वतःला माफ करून टाकलं असतं.

आज चार वाजता सगळा खटला दाखवणार होते. लोरेटाला एकाच गोष्टीची धास्ती होती. त्या वाक्यानंतर स्टुडिओत जे घडलं तेही दाखवतील, आणि मग जीना आपल्या आईचा चेहरा बघून विचारील, हे काय आहे? लोरेटाला स्वतःचं मूल नव्हतं. जीना तिच्या ओट्यावर बसून मोठी झालेली. लग्नानंतरच्या भांडणापासून ती मावशीकडे फिरकली नव्हती, आणि आज कळल्यावर बाळाला घेऊन तरी कशाला येईल?

सगळ्यांना इथे बोलावणं डॉमिनिकचं काम. तो दोघींच्या मधला भाऊ, आणि जन्मभर मधेच उभा राहिलेला. एकाच घरात बघू, त्याने फोनवर सांगितलं होतं, नाहीतर दोन घरांत दोन निकाल लागतील. त्याच्या घरी वरचं स्वयंपाकघर लोकांना दाखवायचं आणि तळघरातलं रांधायचं. टीव्ही, लांब टेबल, जुनी गॅसची शेगडी, सगळा संसार खालीच. त्याने हुशारीने लोरेटाला टेबलाच्या या टोकाला बसवलं, व्हायोलाला त्या टोकाला, आणि मधे मिरच्यांचा पिझ्झा ठेवला. निकाल काय लागला ते दोन्ही बहिणींखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं. दाखवेपर्यंत बोलायचं नाही अशा करारावर त्यांनी सह्या केल्या होत्या, आणि भांडण झाल्यापासून पहिल्यांदाच दोघींनी एखादी गोष्ट मिळून पाळली होती.

भांडणाचं मूळ शेगडीशेजारी, फडक्यावर पडलेलं होतं.

आईचा, म्हणजे एर्सीलियाचा, पिझेल्ले भाजायचा साचा. बिडाच्या दोन गोल चकत्या, लांब दांडे, पकडीसारखा मिटणारा. आतल्या बाजूला गव्हाची लोंबी आणि मधोमध तिची दोन अक्षरं. तिच्या लग्नात तिच्या बापाने इटलीतल्या अब्रुझ्झोच्या डोंगरातल्या लोहाराकडून करून घेतलेला. त्यात भाजलेल्या प्रत्येक पातळ गोल कुकीवर आईची अक्षरं उमटायची. आई गेली तशी अक्षरं मोठ्या मुलीकडे आली, आणि लोरेटा दर नाताळला ती घरोघर वाटायची.

गेल्या जूनमध्ये जीनाचं लग्न ठरलं. आता यंगस्टाउनात लग्न म्हटलं की कुकींचं टेबल आलंच. नवऱ्यामुलीकडच्या बायका महिनाभर आधीपासून भाजत असतात, आणि केक कसा होता हे कुणी विचारत नाही, टेबल कसं होतं ते पिढ्यान्‌पिढ्या बोललं जातं. व्हायोलाने साचा मागितला. मुलीच्या लग्नाच्या पिझेल्ले मीच करणार म्हणाली. लोरेटाने आढेवेढे घेतले आणि दिला. लग्नानंतर साचा परत आला तो रिबिनीत बांधलेला, नव्या नाण्यासारखा चकचकीत. आणि आतून सपाट. व्हिकचं ट्रकच्या भागांचं वर्कशॉप होतं. तिथे गंजलेले भाग वाळूचा मारा करून साफ करतात. साचा खरकटला, काजळला म्हणून त्या दोघांनी तो त्याच खोलीत नेऊन वाळूखाली धरला होता. लोंबी गेली, अक्षरंही गेली. उरल्या दोन गुळगुळीत लोखंडी चकत्या.

“अगं, साफच तर केला,” व्हायोला तेव्हा म्हणाली होती. लोरेटाने दुसऱ्या दिवशी नगरपालिकेच्या कोर्टात, जिथे वकील लागत नाही अशा किरकोळ दाव्यांच्या खिडकीवर, सख्ख्या बहिणीविरुद्ध दावा ठोकला.

तिला वाटलं होतं दोन बाकं, एक कंटाळलेला न्यायाधीश, पाच मिनिटांत काय ते होईल. पण असे दावे देशभरातून वेचून काढायला टीव्हीवाल्यांची माणसं बसलेली असतात. लॉस एंजेलिसहून एका गोड गळ्याच्या मुलीचा फोन आला. इथला दावा मागे घ्या, आमच्या जज बाईंसमोर या, त्या देतील तो निकाल दोघींनी मानायचा. विमान आमचं, हॉटेल आमचं, आणि जज बाई जी भरपाई देतील ती कार्यक्रमाच्या तिजोरीतून, हरणाऱ्याच्या खिशाला हात नाही. डॉमिनिक तर हरखलाच. एकीला पैसे मिळतात, दुसरीचे जात नाहीत, वर कॅलिफोर्निया फुकटात! देवानेच पाठवलंय हे, तो म्हणाला. सगळ्या घराने माना डोलावल्या. ज्या भांडणात कुणालाच भुर्दंड नाही ते भांडायला काय हरकत आहे, असाच सगळ्यांचा हिशेब होता.

“लागलं, लागलं!” ब्रेट ओरडला आणि त्याने आवाज वाढवला.

पडद्यावर दोघी बहिणी दोन वेगळ्या दारांतून आत आल्या. जज बर्नाडीन टॉलिव्हर उंच खुर्चीत, चष्मा नाकाच्या टोकावर. प्रेक्षकांची बाकं भरलेली. ती सगळी माणसं रोजंदारीवर आणलेली असतात हे लोरेटाला तिथे गेल्यावर कळलं होतं. तळघरात टाळ्या पडल्या. व्हिक म्हणाला, व्हाय, तू बारीक दिसतेस. व्हायोला पिझ्झ्याचे तुकडे वाढत होती, एकाच्या बशीत एक, मोजून मापून, आणि पडद्याकडे पाठ होती.

सुरुवात मजेची होती, लोरेटालाही नाकारता येईना. जज बाई टेक्ससच्या. कुकींचं टेबल हा काय प्रकार आहे हे त्यांना काही केल्या उमजेना. लग्नात केक नसतो का, त्यांनी विचारलं. असतो, पडद्यावरची लोरेटा म्हणाली, पण त्याला कोण विचारतं? मग किती कुकी होत्या, बाईंनी व्हायोलाला विचारलं. व्हायोला म्हणाली, पाहुणे दोनशे, कुकी साडेतीन हजार. जज बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. उरलेल्यांचं काय केलंत? त्यावर पडद्यावरच्या दोघी बहिणी एका सुरात म्हणाल्या, “डबे असतात ना.” म्हणजे पाहुण्यांनी घरी न्यायचे डबे, पण ते सांगायची दोघींनाही गरज वाटली नव्हती. त्या क्षणी व्हायोला हसली होती. खुदकन, लहानपणासारखी, मान खाली घालून. लोरेटाला ते हसू नीट आठवत होतं, कारण त्यानंतर तिने ते पाहिलं नव्हतं.

आश्चर्य म्हणजे पडद्यावर ते हसू दिसलंच नाही. ‘डबे असतात ना’ झालं, आणि एकदम साच्याचा फोटो.

लोरेटाने बशी दूर सारली. स्टुडिओत एका छोट्या खोलीत तिला एकटीला बसवून ठेवलं होतं, व्हायोलाला दुसरीकडे, एकमेकींची गाठ पडू नये म्हणून. कानाला यंत्र लावलेली एक मुलगी सारखी येऊन सांगायची, आईबद्दल बोला, मनातलं सगळं बोला, काही राखून ठेवू नका. दोन तासांत लोरेटा चार कप कॉफी प्यायली होती. आतून पेटलेलीच ती त्या दारातून बाहेर पडली होती.

आता जज बाई विचारत होत्या, एवढा मोलाचा साचा होता तर इतकी वर्षं धाकट्या बहिणीला हात का लावू दिला नव्हता?

जांभळ्या सुटातल्या लोरेटाने बोट रोखलं. तळघरात जमलेल्या पोरांनी, जीनाच्या मैत्रिणींनी तिच्याबरोबर कोरस धरला, ब्रेट सगळ्यात वरच्या पट्टीत, “व्हायोलाच्या हातात गेलेलं काही टिकत नाही. आमची आई म्हणायची!”

स्टुडिओत यानंतर हशा झाला होता, पण तो लगेच विरला. कारण जज बाई हसल्या नव्हत्या. माणसं ओळखण्यात बाईंचा जन्म गेलेला. त्यांनी व्हायोलाकडे बघितलं होतं, बराच वेळ, आणि आवाज उतरवून विचारलं होतं, बाई, तुम्हाला यावर काही बोलायचं आहे का? व्हायोलाने दोन्ही हात समोरच्या लाकडी कठड्यावर उताणे ठेवले होते, जणू तपासायला दिले असावेत. आणि ‘नाही’ म्हणाली होती. एवढंच.

पडद्यावर यातलं काही आलं नाही. पडद्यावर लोरेटाचं बोट, मग मोठा हशा, आणि मग व्हायोला. खुदकन हसणारी, मान खाली घातलेली व्हायोला. डब्यांवरचं ते हसू उचलून त्यांनी इथे आणून बसवलं होतं.

आपण सुटलो, हे लोरेटाच्या मनात आधी आलं. कुणाला काही दिसलं नाही, जीनाला दिसलं नाही, सुटलो! मग तिने टेबलाच्या दुसऱ्या टोकाकडे बघितलं. व्हायोला पहिल्यांदाच पडद्याकडे वळली होती आणि स्वतःचं हसू बघत होती. तिच्या हातातला पिझ्झ्याचा चिमटा अधांतरी राहिला होता. लोरेटाला शरमेने खाली बघावंसं वाटलं, आणि तिने खाली बघितलं.

पुढचं पटापट उरकलं. जज बाई म्हणाल्या, वस्तू दुसऱ्याची होती, न विचारता तिच्यावर प्रयोग केलेत, तेव्हा चूक प्रतिवादीची. मागितलेल्यातली निम्मी रक्कम वादीला. अक्षरं परत आणणं मात्र या कोर्टाच्या आवाक्यात नाही. हातोडा पडला. बाहेरच्या कॅमेऱ्यासमोर लोरेटा म्हणाली, न्याय मिळाला. व्हायोला म्हणाली, “ती माझी मोठी बहीण आहे,” आणि कॅमेऱ्यातून बाहेर गेली.

तळघरात आरडाओरडा झाला. डॉमिनिकने वाइन ओतली. निम्मी म्हणजे बरोबरी, तो दोन्ही टोकांकडे बघत म्हणाला, बरोबरी झाली, आता मिटवा. कुणीतरी कार्यक्रम मागे नेऊन ते वाक्य पुन्हा लावलं. पुन्हा हशा, पुन्हा व्हायोलाचं ते भलत्या जागचं हसू. व्हायोला कॉफीची किटली घेऊन टेबलाभोवती फिरत होती.

ब्रेटला चेव चढला होता. त्याने जीनाच्या पोटावर हात ठेवला आणि म्हणाला, “आता बाळ झालं की आजीच्या हातात द्यायचं की नाही, ते जज बाईंनाच विचारायला हवं.”

जीना हसली. तिच्या मैत्रिणी हसल्या. व्हिकने ग्लास खाली ठेवला. डॉमिनिकने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे तोंड केलं. व्हायोलाने ब्रेटचा कप काठोकाठ भरला आणि पुढच्या कपाकडे गेली.

आता गप्प बसलं तरी चालण्यासारखं होतं. टीव्हीने लोरेटाची बाजू इतकी सफाईने सारवली होती की आणखी दोन वर्षांत तिला स्वतःलाही तो विनोदच वाटला असता. पण ब्रेट हे पुन्हा म्हणणार होता. बाळाला पहिल्यांदा व्हायोलाकडे देताना म्हणणार होता, बाप्तिस्म्याला म्हणणार होता, आणि व्हायोला दर वेळी कॉफी ओतत राहणार होती.

“ब्रेट, तो टीव्ही बंद कर,” लोरेटा म्हणाली.

त्याने केला. तिचा आवाजच तसा होता.

“आई असं कधीच म्हणाली नव्हती,” ती म्हणाली. “ते वाक्य माझं आहे. जज बाईंवर वजन पडावं म्हणून मी आईच्या नावावर खपवलं.”

काही जण अजून हसत होते, पुढे गंमत येईल म्हणून.

“आणि ते साच्याबद्दल नव्हतं. जीना, तुझ्या आधी एक मुलगी होती.”

“मला माहीत आहे, मावशी,” जीना म्हणाली. तिचं हसू गोंधळलं होतं. “तिच्या थडग्यावरचा दगड बघितलाय मी.”

“दगड बघितलायस. कशी गेली ते तुला कुणी सांगितलेलं नाही. दूध पिऊन तुझ्या आईच्या मांडीवर झोपली होती. तुझी आई तासभर हलली नाही, तिची झोप मोडेल म्हणून. झोप नव्हतीच ती.” लोरेटा बोलत राहिली. “डॉक्टर म्हणाले कुणाचा दोष नाही, असं होतं कधीकधी. रोझालिया नाव होतं. हे सगळं ठाऊक असताना मी ते वाक्य बोलले. मला चांगलं ठाऊक होतं मी काय बोलते आहे ते.”

ब्रेटवर राग धरण्यासारखं काही नव्हतं. तो उठला आणि व्हायोलाच्या पाठीमागे जाऊन एप्रनची गाठ सोडायला लागला.

“राहू दे,” व्हायोला म्हणाली. मग तिने किटली ठेवली आणि टेबलाच्या या टोकापर्यंत चालत आली. “हे सांगायला तुला कुणी सांगितलं होतं, लोरेटा?”

“कुणी नाही.”

“माझं होतं ते. तिथे दोनदा विचारलं असतं ना जज बाईंनी, तरी मी सांगितलं नसतं. इथे माझ्याच मुलीला तू सांगतेस. जुनी सवय आहे तुझी. आधी तू तोडायचं, आणि मग रडायचंही तूच.”

व्हायोला शेगडीकडे निघून गेली. जीना उठायला गेली, पण डॉमिनिकने तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला बसवलं, आणि मग नेहमीसारखा मधे न पडता त्याने डोळ्यांनीच लोरेटाला खुणावलं, जा.

शेगडीपाशी व्हायोला साचा हातात घेऊन उभी होती. महिनाभर डॉमिनिकने त्याला तेल पाजून, तापवून पुन्हा काळा केला होता. चकाकी गेली होती, अक्षरं अर्थातच आली नव्हती.

“आईने मला ती गेल्यावर याला हात लावू दिला नाही, हे तर खरं ना?” व्हायोलाने पाठमोरंच विचारलं.

“तू दर वेळी जाळायचीस गं,” लोरेटा म्हणाली. “नाहीतर कच्च्या काढायचीस. आधी माझ्यापेक्षा छान व्हायच्या तुझ्या. एकाएकी काय झालं ते आईला कळायचं नाही.”

“मी म्हणत नव्हते.”

“काय म्हणत नव्हतीस?”

“नमो मारिया.”

लोरेटा बघतच राहिली. घड्याळ लावून पिझेल्ले भाजलेली बाई या घराण्यात नव्हती. एका बाजूला एक नमो मारिया, साचा उलटायचा, दुसऱ्या बाजूला दुसरी, की उघडायचा. आईला तिच्या आईने तसंच शिकवलं होतं, आणि या दोघींना चालता येण्याआधी ती प्रार्थना येत होती.

“तिला पुरून आलो ना, तेव्हापासून,” व्हायोला म्हणाली. “शेवटाशी अडते मी. ‘आता आणि आमच्या मरणाच्या वेळी.’ तिथे पुढे जाताच येत नाही. आईशेजारी उभी राहून ओठ हलवायचे, आणि अंदाजाने उलटायचे. कसे जमतील? जीनाच्या लग्नाला म्हटलं, लेकीसाठी जमेल. नाही जमलं. व्हिकने घड्याळ लावून दिलं तर ते आणखीच बिघडलं. जळून जळून पीठ असं घट्ट बसलं त्या अक्षरांत, सुईने उकरलं तरी निघेना. तुला असा परत कसा देणार होते? म्हणून व्हिकला म्हटलं, तुझ्याकडच्या वाळूने साफ होतं का बघ.”

“मग जज बाईंना हे का नाही सांगितलंस? मी हरले असते.”

“माझं सांगून जिंकणं नको होतं मला,” व्हायोला म्हणाली. तिने बोलणं सावरलं. “म्हणजे तिचं. रोझालियाचं. तिचं नाव घेऊन त्या बाकांवरच्या भाडोत्री लोकांपुढे जिंकायचं नव्हतं.”

पिठाच्या भांड्यावरचं फडकं लोरेटाने बाजूला केलं. काहीतरी बोलायला हवं होतं, आणि बोलण्याने तर सगळा घोळ झाला होता. तिने काडी ओढून शेगडी पेटवली.

“तू धर,” ती म्हणाली. “म्हणायचं काम माझं.”

व्हायोलाने तिच्याकडे निरखून बघितलं. अजून राग होता नजरेत, तो एवढ्यात जाणारही नव्हता. पण तिने साचा ज्योतीवर धरला, तापला तसा उघडला, चमचाभर पीठ मधोमध सोडलं आणि दांडे मिटले. वाफ सणकन बाहेर आली, बडीशेपेचा वास तळघरभर पसरला. टेबलाशी बोलणं थांबलं. जीना कधी येऊन खांबाला टेकून उभी राहिली ते दोघींनाही कळलं नाही.

लोरेटाने प्रार्थना सुरू केली, आईच्या बोलीतली, आईच्याच संथ चालीने. व्हायोलाचे ओठ मिटलेले. शब्द संपले आणि व्हायोलाने मनगट फिरवून साचा उलटला. त्या फिरवण्यात पस्तीस वर्षांत काही बिघाड झालेला नव्हता.

दुसरी बाजू. लोरेटा पुन्हा पहिल्यापासून म्हणत गेली. शेवटाजवळ आली आणि तिला पुढे म्हणवेना. आताच तर हिने सांगितलं, कुठे अडते ते. तेवढं वगळावं, तिने ठरवलं, आणि गप्प झाली.

“थांबू नकोस,” व्हायोला ज्योतीवरची नजर न काढता म्हणाली. “कच्चं राहील.”

मग लोरेटाने तेही म्हटलं. ‘आता’ म्हटलं, ‘मरणाच्या वेळी’ म्हटलं, आवाज फाटला तरी शब्द खाल्ला नाही. आमेन झालं आणि व्हायोलाने साचा उघडला.

आत पिझेल्ले होती, सगळीकडून सारखी सोनेरी, पातळ, बशीसारखी गोल. वर काहीच उमटलेलं नव्हतं. व्हायोलाने ती सुरीने सोडवली, क्षणभर दोन्ही तळव्यांवर धरून निवू दिली, आणि वळून जीनाच्या हातात दिली.